कुठे ठेवलं होतं

स्क्रू चिमट्यातून तिसऱ्यांदा निसटला, फळीवर दोनदा टणटणला आणि तिच्या चपलेपाशी येऊन थांबला. ती वाकली. तो हातात आला की नाही हे तिला बघूनच कळलं. बोटांना कळलं नाही. दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची दोन-दोन बोटं सकाळपासून अशी झिणझिणत होती, जणू हात दुसऱ्याच कुणाचे होते आणि तिने ते तासाभरासाठी मागून आणले होते.

"किती वाजले?" खोक्यावर बसलेल्या बाबांनी विचारलं.

"सव्वाअकरा."

"बघ. एवढ्या मोठ्या घड्याळाच्या पोटात बसलोय आणि वेळ तुला विचारावी लागतेय."

मनोऱ्यावरचं हे घड्याळ एकोणीस वर्षं चार वाजून दहा मिनिटांवर उभं होतं. बाजारात कुणाला टाळायचं असलं की "चार-दहाला ये" म्हणायची पद्धतच पडली होती. तिने चार महिने खपून ते बाबांच्या घड्याळांच्या दुकानातल्या लांब टेबलावर सुटं केलं, दाता न् दाता घासला आणि पुन्हा जुळवलं. तिथे ते तीन आठवडे न चुकता चाललं. मग ते दोरखंडाने वर चढवलं. आता फक्त लंबक टांगायचा होता. बाराला पहिला ठोका.

तिने झरोक्यातून खाली पाहिलं. चौक माणसांनी फुलला होता. बँडवाले एकाच धुनेच्या पहिल्या तीन ओळी घासत होते. शाळेची पोरं बारापर्यंत मोठ्याने आकडे म्हणून सराव करत होती आणि दरवेळी अकरालाच टाळ्या वाजवत होती. मग तिला पिवळी टोपी दिसली. नवऱ्याच्या खांद्यावर तिची लेक, ठिपकी, बसली होती, दोन्ही मुठींत त्याचे केस घट्ट धरून.

तिने फोन लावला.

"तिचा डावा मोजा पडलाय."

"तुला चार मजल्यांवरून मोजा दिसला?"

"दिसला. आणि ऊन लागतंय तिला."

"घड्याळ बघ ना बाई तू," नवरा हसून म्हणाला. पण खाली वाकून तो मोजा शोधायला लागला, हे तिने बघितल्यावरच झरोका सोडला.

ठिपकी सात आठवडे आधी जन्माला आली होती. पहिले वीस दिवस काचेच्या पेटीत, आणि शेजारचं यंत्र तिचे श्वास मोजायचं. घरी येताना यंत्र बरोबर आलं नाही. आता ती अकरा महिन्यांची झाली होती, डॉक्टरांच्या मते ठणठणीत. डॉक्टरांचं मत तिला पाठ होतं, पण पटलेलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिचे स्वतःचे डॉक्टर.

"रिपोर्ट आले. साखर उत्तम, थायरॉईड उत्तम, बी-ट्वेल्व्ह काठावर पण चालेल. मानेच्या एक्स-रेतही काही नाही."

"मग दोन्ही हातांना का? एकच हात असता तर समजलं असतं."

"पुन्हा मोबाइलवर वाचत बसलात ना?"

तिने सगळं वाचलं होतं. मान, मधुमेह, जीवनसत्त्वं, नसांचे आजार, दुकानात घड्याळं धुवायच्या पेट्रोलची वाफ, आणि यादीच्या शेवटी येणारी ती नावं, जी वाचून माणूस पाणी प्यायला उठतो. यादीतली एकेक नावं खोडली जात होती. हात मात्र तसेच होते.

"सकाळी उठल्यावर जास्त होतं म्हणालात. रात्री हात कसे असतात?"

"झोपलेले असतात, डॉक्टर."

"थट्टा नको. मनगट मुडपून, उशीखाली वगैरे? बघा आणि उद्या येऊन सांगा. मग मनगटाची नस तपासू."

झोपलेल्या माणसाने स्वतःचे हात बघायचे कसे, असं मनात म्हणत तिने फोन खिशात टाकला.

लंबक ज्या पट्टीवर लोंबतो ती पोलादी पट्टी बाळाच्या नखाइतकी पातळ होती. जरा मुडपली की गेली. अशा दोन पट्ट्या तिने करून आणल्या होत्या. पहिली तिने श्वास रोखून खाचेत सरकवली आणि स्क्रू बसवला. बाबांनी खालून लंबकाचा जड गोळा दोन्ही हातांनी तोलून धरला, तिने लंबक टांगला आणि हलकेच ढकललं.

टिक... टक. टिक... टक.

चाकं फिरली. खाली कुणीतरी काटा हलताना पाहिला असावा, कारण चौकातून आरोळी उठली. जिन्यातून बाजार समितीचे सचिव धापा टाकत ओरडले, "सुरू झालं का हो? बँडला सांगू का?"

"थांबा!" बाबा ओरडले. मग हळूच म्हणाले, "लंगडतंय."

तिलाही ऐकू आलं होतं. एक पाऊल लांब, एक आखूड. दोन मिनिटांत झोका आखडत गेला आणि घड्याळ उभं राहिलं.

"पट्टी मुडपली असेल," ती म्हणाली.

तिने दुसरी घातली. या वेळी नजर एकदाही हलू दिली नाही; बोटांवर विश्वास नव्हता, म्हणून सगळं काम डोळ्यांनीच केलं. ढकललं. पुन्हा तेच, लांब आणि आखूड, आणि पुन्हा शांतता. पावणेबारा.

ती मटकन फळीवर बसली.

"माझ्यामुळे होतंय, बाबा. हातांत जीव नाहीये. महिना झाला. तुम्हाला सांगितलं नाही."

"सांगायला कशाला हवं? पूर्वी तुझा स्क्रू वर्षाला एक पडायचा. आज चहाच्या आधी तीन. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"हात गेले तर काय करायचं?" हे मात्र तिने अगदी हळू विचारलं. बाबांचे कान आणि तिचे हात, एवढंच तर दुकान होतं.

बाबांनी लंबकाच्या गोळ्यावरून तळवा फिरवला.

"एक सांग. बंद पडलेलं घड्याळ घेऊन गिऱ्हाईक आलं की तू आधी काय करतेस?"

"मागचं झाकण उघडते."

"म्हणूनच तुझे दोन तास जास्त जातात. मी काय करतो?"

तिला लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य आठवलं. गिऱ्हाईक टेबलावर घड्याळ ठेवायचं आणि बाबा त्याला हातही न लावता विचारायचे.

"कुठे ठेवलं होतं?" ती म्हणाली.

आणि ताडकन उठली. दुकानात हेच घड्याळ, याच हातांनी जुळवलेलं, तीन आठवडे चाललं होतं! तिने पिशवी उपडी केली, पाणसळ काढली आणि घड्याळाखालच्या दोन तुळयांवर आडवी टेकवली. काचेतला बुडबुडा सरळ उजवीकडे पळाला.

"बाबा, तुळई! उजवी तुळई उचललीय!"

"सुताराने मागच्या महिन्यात नवीन घातली ना ती."

"हो, आणि आपण दोघं त्याचा चहा पिऊन त्याची तारीफ करून आलो!"

बाबा इतके हसले की खोकं करकरलं. तिने घड्याळाच्या डाव्या पायाखाली पहार घातली, बाबांनी अंगाचा भार टाकला, आणि तिने फटीत लाकडी पाचर ठोकली. बुडबुडा सरकला. आणखी एक ठोका. बुडबुडा मधोमध आला आणि तिथेच राहिला.

बाराला चार कमी. तिने लंबक ढकलला.

टिक, टक, टिक, टक. दोन्ही पावलं सारखी.

तिने काटे पुढे आणले. मग दोघंही कानांवर हात ठेवून बसली. पहिल्या ठोक्याने मनोरा पायाखाली थरारला, कबुतरं उडाली, आणि खाली चौक मोजायला लागला. बाराला, या वेळी बरोबर बाराला, टाळ्या पडल्या. बँडवाल्यांना चौथी ओळ येत होती. झरोक्यातून तिने पाहिलं, पिवळी टोपी वर-खाली उड्या मारत होती. दोन्ही मोजे जागेवर.

दुपारी घरी ठिपकी दूध पिऊन लगेच झोपली. नवरा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. ती पाळण्याशेजारी जमिनीवर बसली. डोळ्यांसमोर अजून कबुतरं उडत होती. कान अजून भरलेले होते.

कितीतरी वेळाने तिला झिणझिण्या जाणवल्या आणि तिने खाली पाहिलं.

तिचे दोन्ही हात लाकडी कठड्याच्या गजांमधून आत गेले होते. एक ठिपकीच्या छातीवर, एक पाठीशी. मनगटं आडव्या पट्टीवर काटकोनात मुडपलेली, आणि त्यांवर तिच्या खांद्यांचा सगळा भार. हात आत कधी घातले ते तिला आठवत नव्हतं.

ती हलली नाही. गिऱ्हाइकाने आणून ठेवलेल्या घड्याळाकडे बघावं तशी बघत राहिली.

"अहो," तिने हळूच हाक मारली. "मी रात्री कशी झोपते?"

नवरा ओले हात पुसत दारात आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कठड्याकडे.

"अशीच. रोज. दोनदा काढायला गेलो हात, तर झोपेत माझ्यावरच ओरडलीस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

तिने उजवा हात बाहेर घेतला. मनगटावर पट्टीचा लाल वळ उठला होता. हात मांडीवर सरळ ठेवला, तळवा वर. मग मान कलती करून ती ठिपकीचे श्वास ऐकायला लागली. एक आत, एक बाहेर. एक आत, एक बाहेर. दोन्ही सारखे.

डावा हात मात्र तिने आतच ठेवला. खिडकीतून दोनचे ठोके आले, ठिपकीने ओठ चोखले आणि कूस बदलली. मग तिने तोही काढून घेतला.