पिवळ्या खांद्याचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे, आणि हे सांगताना मला तसूभरही लाज वाटत नाही. मित्रांनो, जरा जवळ या आणि माझ्याकडे नीट बघा. एका बाजूला तळहाताएवढा पिवळट डाग दिसतो ना? त्या डागापायी एका पोराची नोकरी जाता जाता राहिली. आज मी राळेगाव तालुक्यातल्या एका गोठ्यात खुंटीवर टांगलेला असतो. पण त्याआधी मी सात समुद्र नसले तरी दोन-तीन नक्की पालथे घातले आहेत. तुमच्या घरातल्या किती टॉवेलांना असं म्हणता येईल?

माझा जन्म कपाशीच्या बोंडात झाला. बायांनी मला वेचून ओटीत घातलं, जिनिंगमध्ये माझी सरकी काढली आणि दाबून दाबून गाठ बांधली. कोणता कापूस कोणाच्या वावरातला, हे गाठीवर लिहीत नाहीत. तरी मी राळेगावकडच्या काळ्या मातीतलाच, अशी माझी पक्की खात्री आहे. पुरावा मागू नका. आत्मवृत्त माझं आहे, तेव्हा माझंच खरं धरा. पुढे माझं सूत झालं, मागावर चढलो आणि मऊ, जाड, पांढराशुभ्र होऊन बाहेर पडलो. मग खोक्यात बसून बंदरात आलो आणि थेट जहाजावर चढलो.

अबब, काय ते जहाज! लोखंडाचं एक अख्खं गावच पाण्यावर तरंगत होतं. वरच्या मजल्यांवर पोहण्याचे तलाव, नाचगाणी, बाल्कनीच्या खोल्या. तिथे पाहुणे राहत. सगळ्यात खाली बिनखिडकीच्या खोल्या, एकावर एक दोन पलंग, आणि त्यांत राहत ते लोक, ज्यांच्या जिवावर हे गाव चालत होतं. कोणी भांडी घाशी, कोणी दोर ओढी, कोणी हजार माणसांचा भात रांधी. आम्हा टॉवेलांचा मुक्काम त्याच खालच्या अंगाला, लॉन्ड्रीत. तिथे वणीचा इंद्रजित काम करायचा. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. "बाप कायाभोर होऊन घरी येते, अन् मी इथं दिवसभर पांढरंच धुवून राह्यलो," असं म्हणून तो स्वतःच खो-खो हसायचा.

त्याच्याच खोलीत वरच्या पलंगावर राहायचा आमचा नयन. राळेगावकडच्या पुंडलिकराव आणि इंदूबाईंचा मुलगा, वय वर्षं पंचवीस. पुंडलिकरावांकडे कपाशी, तूर आणि बैलजोडी. नयननं यवतमाळात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि नऊ महिन्यांच्या करारावर तो जहाजावर आला. त्याच्याकडे सोळा खोल्या होत्या. सकाळी ढकलगाडी घेऊन निघायचं, चादरी बदलायच्या, न्हाणीघर आरशासारखं करायचं, दुपारी दोन घास खायचे, संध्याकाळी पुन्हा त्याच सोळा खोल्या. एकदा मी त्याला म्हणताना ऐकलं, "तणाचं निंदण बरं होतं लेका, निदान वावराच्या धुऱ्यावर बसता येत होतं." पण तक्रारीचा सूर नव्हता. पोरगं कामाचं होतं.

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट ऐका. जहाजावर एक पद्धत असते. संध्याकाळी खोली आवरून झाली की टॉवेलाच्या घड्या घालून एखादा प्राणी करायचा आणि पलंगावर बसवायचा. कोणी हंस करी, कोणी हत्ती, कोणी माकड. पाहुण्यांची लेकरं खूश होत. नयनच्या हातात जादू होती. माझ्या कडा गुंडाळून तो चार पाय काढायचा आणि लहान टॉवेलाचं तोंड वर बसवायचा. मी किती वेळा हत्ती झालो त्याची गणतीच नाही. लेकरं टाळ्या पिटायची, फोटो काढायची आणि मी ऐटीत बसून राहायचो. खोटं कशाला बोलू, मला थोडा माज चढला होता.

पण नयनच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. पहिल्या करारात दोन लेखी ताकिदी मिळाल्या की माणसाला पुन्हा बोलावत नाहीत, असा त्या जहाजाचा नियम. एक ताकीद त्याला पहिल्याच महिन्यात मिळाली होती. जहाज देश बदलतं तशी घड्याळं पुढेमागे करावी लागतात. यानं आईला फोन करायला सोपं म्हणून मोबाईलवर गावाकडचीच वेळ ठेवलेली. हिशेब चुकला आणि जीवरक्षक जाकिटाच्या कवायतीला पठ्ठ्या अर्धा तास उशिरा पोचला. तेव्हापासून तो जपून असायचा. दुसरी ताकीद म्हणजे खेळ खलास.

भाद्रपद लागण्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, आपल्याकडे पोळा असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू ओढून शिणलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, त्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांच्या कानात आवतन द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पुंडलिकरावांच्या घरी हे काम नयनचं होतं. सहा वर्षांचा असल्यापासून त्यानं ते एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र तो भूमध्य समुद्रात होता. दुपारच्या सुट्टीत त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. इंदूबाईंनी फोन गोठ्यात नेला.

"पाय बाप्पा, तुया बैल तुलेच शोधून राह्यला," त्या म्हणाल्या.

"बाबा करतीन ना आज खांदशेकणी?" नयननं विचारलं.

"करतीन ना. पण तुया हाताची सवय हाय त्यायले."

 फोन ठेवल्यावर त्यानं पेटीतली हळदीची पुडी काढली. जखमेला, खोकल्याला असू दे म्हणून आईनं दिलेली. चिमूटभर कागदात बांधून खिशात घातली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

संध्याकाळी शेवटच्या खोलीत त्यानं मला हातात घेतलं. त्या खोलीत एक परदेशी कुटुंब होतं, आईवडील आणि पाच वर्षांची चिमुरडी. ते जेवायला वर गेले होते. नयननं त्या दिवशी हत्ती केला नाही, हंस केला नाही. त्यानं बैल केला. लहान टॉवेलाची टोकं पिळून शिंगं काढली. उशीवर ठेवायच्या चॉकलेटचा सोनेरी कागद शिंगांना बेगड म्हणून गुंडाळला. आणि मग काय केलं असेल? नाश्त्याच्या लोण्याची छोटी वडी खिशातून काढली, तीत हळद कालवली आणि माझ्या खांद्यावर चोळली! अगदी हळू, जसं खऱ्या बैलाला चोळतात तशी. वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अरे भल्या माणसा, मी टॉवेल आहे, बैल नाही! पण खरं सांगतो मित्रांनो, तो हात खांद्यावर फिरला तेव्हा मला भरून आलं. इतके दिवस लोकांनी माझ्यानं अंग पुसलं होतं. माझी सेवा कोणी केली नव्हती.

"एवढीशी तं हळद हाय, धुतली का जाते," असं स्वतःशीच पुटपुटत तो गेला. तीच त्याची चूक.

सकाळी तयार होताच त्या चिमुरडीनं मला मिठी मारली. तिच्या अंगात आजीनं शिवलेला पांढरा फ्रॉक होता. मी ओरडणार होतो, पण टॉवेलाला तोंड कुठे असतं? फ्रॉकवर पिवळाधमक पट्टा उमटला. पोरीची आई संतापली आणि तडक तक्रार करून आली. पलंगावर घाणेरडा टॉवेल ठेवला, अशी तक्रार. जहाजावर याहून मोठा गुन्हा नाही.

नयन मला घेऊन धावतच लॉन्ड्रीत गेला. इंद्रजितनं मला कडक साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकलं, आणि डाग चक्क लाल झाला! हळदीला साबण लागला की असंच होतं. पुन्हा धुतला, गरम हवेत वाळवला, तर पिवळा डाग पहिल्यापेक्षा पक्का बसला.

"काहून केलं बे असं?" इंद्रजित कळवळून म्हणाला. "आता मायं आयक. सुपरवायझर बाईले सांग, पाव्हण्यायनंच मसाल्याचे हात पुसले म्हणून. कोण पायले येते?"

"अन् त्या लेकराच्या मायले खोटं पाडू?"

"मंग जाय घरी. बस गावात बोंबलत."

 मला काखेत मारून नयन सुपरवायझर बाईंच्या खोलीकडे निघाला. त्याचं काळीज असं धडधडत होतं की मला ते स्वच्छ ऐकू येत होतं.

बाई फिलिपिन्सच्या. शिस्तीच्या अशा की पलंगाखाली बोट फिरवून धूळ बघत. त्या इंग्रजीत बोलल्या, मी आपल्या भाषेत सांगतो. समोर ताकिदीचा कागद काढून त्यांनी विचारलं, "हा डाग कोणी पाडला?"

 इंद्रजितची युक्ती नयनच्या जिभेवर आली असणार, कारण तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मी पाडला." आणि त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बैल, खांदे, हळद, आवतन. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या हातातलं पेन तसंच होतं.

"माझ्या वडिलांकडे रेडा होता," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या गावात त्यालाही सणाला सजवायचे. पण सण तुझा आहे, पलंग पाहुण्यांचा. त्यांनी तक्रार मागे घेतली तरच हा कागद मी फाडीन. ते पाहुणे उद्या रात्री उतरणार आहेत. तोपर्यंत वेळ आहे."

म्हणजे सगळं त्या चिडलेल्या आईच्या हातात! नयननं बोळातूनच घरी फोन लावला. तिकडे पोळ्याची धामधूम, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"माय, कपड्याची हळद कशी काढाव?"

"साबन नोको लावू बरं! ओलं कर अन् कडक उन्हात टाक. उन्हानं हळद उडते. मंग धुवाव. पण कायले पायजे तुले?"

"मंग सांगतो!"

तो त्या खोलीच्या दारात उभा राहिला. दार त्या आईनंच उघडलं. कपाळावर आठ्या, हातात तोच फ्रॉक, आणि न्हाणीघरात नळ सोडलेला. नयननं हात जोडले. "चूक माझी आहे. फक्त साबण लावू नका. माझ्या आईचं ऐका. हा ओला करून बाल्कनीत उन्हात घाला, उद्या संध्याकाळपर्यंत. डाग नाही गेला तर माझं नाव सांगा, मी घरी जाईन."

त्या आईचा विश्वास बसेना. "तुझी आई कुठल्या लॉन्ड्रीत आहे?" तिनं विचारलं.

"आमची स्वतःची कपाशी आहे," नयन छाती काढून म्हणाला. "कापडाचं तिला जन्मापासून कळतं."

का कोण जाणे, तिला हसू आलं. फ्रॉक बाल्कनीत गेला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं, की ढगांचा मागमूस नाही. नयन चादरी बदलता बदलता सारखं खिडकीतून आभाळ बघे. दुसऱ्या दिवशी दुपारी डाग फिका झाला, संध्याकाळी पांढऱ्यावर पांढरं! त्या आईनं स्वतः जाऊन तक्रार मागे घेतली. वर अभिप्रायाच्या कार्डावर नयनचं नाव लिहून त्याच्या आईला नमस्कार कळवला. आणि चिमुरडीनं हट्टानं आणखी एक बैल करून घेतला, बिनहळदीचा. तो दिवस आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचा, लेकरांच्या बैलांचा. तिला काय ठाऊक! पण बैल हातात धरून तिनं अख्ख्या बोळात मिरवणूक काढली.

सुपरवायझर बाईंनी कागद फाडला. करार संपताना नयनला पुढच्या वेळेसाठी बढतीसकट बोलावणं आलं.

माझं काय झालं, विचारलंच नाहीत तुम्ही! मी बाद झालो. डागाळलेल्या टॉवेलांचे तुकडे करून फडकी करतात. कात्री लागणार, तेवढ्यात नयन आला आणि मला मागून घेतलं. जहाजाची साधी सुईसुद्धा परवानगीशिवाय बाहेर जात नाही. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली, "एक टॉवेल, जुना, डागासह." एवढं मानाचं प्रमाणपत्र मला दुसरं मिळालेलं नाही.

असा मी गावी आलो. इंदूबाईंनी डाग बघताच मला उन्हात टाकायला उचललं. मला धसका बसला. पण पुंडलिकराव आडवे आले. सगळी हकीकत त्यांनी नयनकडून ऐकली होती.

"राहू दे वं तो डाग," ते म्हणाले. "पोराची खांदशेकणी हाय ते."

यंदा नयन पुन्हा जहाजावर आहे, आता पंचवीस खोल्या आणि हाताखाली दोन माणसं. परवा खांदशेकणी झाली. पुंडलिकरावांनी मला गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि बैलाचा खांदा शेकला. मग तूप-हळद चोळली. माझ्या जुन्या डागाशेजारी नवा डाग पडला. इंदूबाईंनी फोन समोर धरला होता. नयन त्या इवल्याशा पडद्यातून वाकून बघत होता, आणि त्याच्या मागे निळा समुद्र.

"बाबा, तुमी नका म्हणू. मले म्हणू द्या," तो म्हणाला.

पुंडलिकरावांनी फोन घेऊन बैलाच्या कानाशी धरला.

मित्रांनो, डाग पडलेली वस्तू फेकायच्या आधी एकदा तिला विचारत जा, हा डाग कशाचा. माणसालाही विचारा. माझ्याकडे बघा, मी हत्ती झालो, हंस झालो, पाहुण्यांच्या पलंगावर ऐटीत बसलो. पण परवा फोनमधून आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि खऱ्या बैलानं कान हलवले, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो.