लिफ्टकाकांची खुर्ची

ज्या वर्षी लिफ्टकाकांची नात पहिले पाऊल टाकायला शिकली, त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या पायांतले बळ गेले, आणि त्याच वर्षी मी त्यांच्या घरी आले. मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझे पुढचे डावे चाक जन्मापासून थरथरते. मला जोडणाऱ्या कारागिराने ते काढून पुन्हा बसवले, तेल घातले, आणि शेवटी "राहू दे, चालतंय ना!" म्हणत तो पुढच्या खुर्चीकडे वळला. तेव्हापासून एका जागी स्वस्थ राहणे मला ठाऊकच नाही.

मला कोणी विकत घेतले नव्हते. ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांना कल्याण खात्याकडून दरमहा भत्ता मिळतो आणि गरज असेल तर खुर्चीही. भत्ता चालू आहे तोवर खुर्ची त्या माणसाची. भत्ता थांबला की खुर्ची परत गोदामात.

लिफ्टकाकांनी जन्मभर एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली. बसायला स्टूल होते, पण माणूस दिसला की ते ताडकन उठत, जाळीचे दार सरकवत आणि विचारत, "या, कुठला मजला?" साहेब असो की झाडूवाली, त्यांच्या लेखी सगळे सारखे. पुढे मणक्याचे दुखणे जडले आणि पाय लाकडासारखे झाले.

मी घरी आले तेव्हा दारातच अडले. त्यांचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. त्याने करवत आणून उंबरठा कापला आणि घाम पुसत म्हणाला, "दादा, तुझी गाडी सुटली बघ. हॉर्न तेवढा राहिला."

"हॉर्न कशाला? तू आहेस ना," लिफ्टकाका म्हणाले.

ते दिवस चांगले होते. भत्त्यातून कामाच्या मावशींचा पगार निघे. त्या रोज सकाळी येत, काकांना आंघोळ घालत, मला पुसून त्यांना माझ्यात बसवत. म्हणून तर त्यांची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटणांच्या कामाला जाऊ शके. दुपारी नातीला मांडीवर घेऊन काका बागेपर्यंत जात. रस्त्याने लोक हात करत, आणि मलाच मान मिळाल्यासारखे वाटे.

मग बातम्या येऊ लागल्या. खोटे आजारी दाखवून लोक भत्ता खातात, खजिना रिकामा होतो, आता सगळ्यांची नव्याने तपासणी होणार. घरात रोज वाद पेटू लागला.

"झालंच पाहिजे," भाऊ म्हणाला. "आमच्या स्टँडवर एक जण लंगडा म्हणून भत्ता घेतो आणि पोती उचलतो. आम्ही कर भरायचा आणि त्यानं चैन करायची?"

"मग त्याला धरा ना, काका!" मुलगी उसळली. "त्याच्यापायी बाबांना का फरफटायचं?"

"कोण खरा नि कोण खोटा, हे तपासल्याशिवाय कळणार कसं?"

मोरीतून मावशी ओरडल्या, "मला तपासा आधी! गुडघे माझे गेलेत आणि लादी मी पुसते!"

लिफ्टकाका हसले. "तपासू दे गं. माझे पाय काय मी घरी विसरून जाणार आहे?"

तपासणीच्या दिवशी त्यांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, बुटांना पॉलिश करवून घेतले. त्या बुटांचे तळ अजून कोरे होते. खोलीत एक पलंग, एक वजनकाटा आणि एक टेबल होते. बाहेर जिन्यापर्यंत रांग होती. दार उघडून तरुण डॉक्टरबाई घाईने आत आल्या.

आणि लिफ्टकाका उठले.

त्यांच्या हातांचा सगळा भार माझ्या दांड्यांवर आला होता, मांड्या लटलट कापत होत्या. पण बाईंना दिसले ते त्यांचे हसू. "या बाई, बसा."

"अरे वा! काका, उभे राहता की तुम्ही!"

"डॉक्टर, ते फक्त..." मुलगी बोलू लागली.

"तुम्ही थांबा, त्यांना सांगू दे. काका, असे रोज उभे राहता?"

"कोणी आलं तर उठतो की. उठायला नको?" काका अभिमानाने म्हणाले.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, लिहून घेतले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मला ओरडावेसे वाटत होते. पण खुर्चीला तोंड कुठले?

'स्वतः उभे राहू शकतात,' असा निकाल आला आणि भत्ता थांबला. खात्याची माणसे मला न्यायला आली तेव्हा नात माझ्यात ठाण मांडून बसली. तिला उचलून बाजूला करावे लागले.

गोदामात माझ्यासारख्या कितीतरी खुर्च्या एकमेकींत अडकून पडल्या होत्या. मला सारखी एकच काळजी होती, आता काकांना उचलतो कोण? ते मला पुढे मावशींच्या बोलण्यातून कळले. त्यांचे काम सुटले होते. मुलीने कारखाना सोडला होता. पडून पडून काकांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. भावाने त्यांना पाठंगुळी घेऊन कचेरीचे जिने चढून अपील केले. तिथे तो कारकुनाला म्हणाला, "तपासा असं मीच म्हणत होतो, साहेब. पण असं नव्हतं म्हटलं."

फेरतपासणीसाठी मला गोदामातून बाहेर काढले. काका माझ्यात बसले तेव्हा मला दचकायला झाले, इतके ते हलके झाले होते.

"बाबा, आज उठायचं नाही. माझी शपथ आहे," मुलगी तपासणीच्या खोलीत नेता नेता बजावत होती.

"माणसं उभी आणि मी बसून? शोभतं का?"

"नाही शोभलं तरी चालेल."

"बरं बाई, बरं."

दार उघडले. तीन अधिकारी आत आले. आणि माझ्या दांड्यांवर पुन्हा तो भार आला. मुलीने त्यांचे खांदे दाबले, तरी काका अर्धे वर आलेच. तशी ती अधिकाऱ्यांकडे वळून ओरडली, "साहेब, आधी तुम्ही बसा! तुम्ही उभे आहात तोवर हे उठतच राहणार!"

सगळ्यांत वयस्कर अधिकारी खुर्ची ओढून बसले. मग बाकीचेही बसले. काका तसेच अधांतरी होते. "बसलात ना सगळे? मग ठीक," म्हणून ते माझ्यात धपकन कोसळले.

त्या वयस्कर साहेबांनी आपली खुर्ची जवळ सरकवली. पाय पाहिले, पाठीच्या जखमा पाहिल्या. मग विचारले, "त्या दिवशी उभं राहिल्यावर पुढे काय झालं?"

हे आजवर कोणीच विचारले नव्हते. काका जमिनीकडे बघत राहिले.

"उठलो की नेहमी होतं तेच. मग लघवीलासुद्धा उठता येईना, साहेब," ते हळू म्हणाले. "सगळं मुलीनं केलं. त्या डॉक्टरबाईंना हे कसं सांगणार? माझ्या मुलीच्या वयाच्या त्या."

भत्ता पुन्हा सुरू झाला. मी घरी गेले, मावशी परतल्या. मुलीची कारखान्यातली जागा मात्र भरली गेली होती. तिला दुसरीकडे काम शोधायला फार दिवस गेले. पाठीची एक जखम शेवटपर्यंत भरली नाही. भाऊ अजूनही स्टँडवरच्या त्या पोतीवाल्यावर चिडतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मलाही वाटत नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा गोदामात आहे. माझे रबर तडकते आहे आणि बाहेर कोणीतरी जमिनीवर सरपटत असेल, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही. मला कोपऱ्यात कुजवू नका. चाकांना तेल द्या, ज्याला गरज आहे त्याच्या दारात नेऊन सोडा. त्याची तपासणी जरूर करा, पण त्याच्याजवळ बसून करा आणि त्याला बोलायला वेळ द्या.

लिफ्टकाका वारले. मुलीला नव्या कारखान्यात लागून तेव्हा एक वर्ष झाले होते. थंडी सरत आली होती आणि सकाळची वेळ होती.