दुसरी बाटली

प्रविणचं कंत्राट पुढे वाढवू नये, असं पत्र मी शुक्रवारी लिहून ठेवलं. सोमवारी ते रोह्याच्या आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे जाणार होतं.

कारण मॅट्रिक्समध्ये, म्हणजे नमुन्यांच्या आकड्यांच्या तक्त्यात होतं. अकरा ओळी म्हणजे अकरा आठवडे, आणि प्रत्येक विहिरीचे दोन कॉलम, कारण दर वेळी एकाच विहिरीतून लागोपाठ दोन बाटल्या भरायच्या. दोन्हींची क्षारता जवळपास सारखी यायला हवी. कॉलमांची नावं मीच ठरवली होती: आधी नमुने आणणाऱ्याच्या नावाचं अक्षर, मग विहिरीचा क्रमांक, शेवटी बाटलीचा. प्र_०७_२ म्हणजे प्रविणने आणलेली, सातव्या विहिरीची दुसरी बाटली. नमुने आणणारी दुसरी मृणाली; तिच्या कॉलमांना मृ.

अशी नावं असली की कॉलम एकेक वेचावे लागत नाहीत, संगणकाला नावाचा पॅटर्न द्यायचा. आधी मी नुसता २ दिला, तर बाराव्या, बाविसाव्या विहिरीच्या पहिल्या बाटल्याही आल्या. मग २ च्या पुढे डॉलरचं चिन्ह टाकलं. म्हणजे नाव तिथे संपलंच पाहिजे. आणि नावाच्या सुरुवातीला प्र. दुसऱ्या बाटल्यांना पहिल्यांनी भागलं. मृणालीचं उत्तर एकाच्या जवळ. प्रविणचं पावणेतीन.

एक बाटली विहिरीवर आणि दुसरी वाटेत खाडीवर भरत असणार. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी नेहमी गाळ असायचा, तेही आठवलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत मात्र दोन्हींच्या वेळांत पाचच मिनिटांचं अंतर.

"ताई, तो तसा नाय," मृणाली म्हणाली. ती त्याला सांभाळून घेते आहे, असं मला वाटलं.

शनिवारी प्रविण नमुने भरायला जायचा, म्हणून न कळवता पेणला गेले. तिथून जोह्याची एस.टी., पुढे खाडीकडची वाडी पायी. सातव्या विहिरीजवळ पेंढ्याच्या उडवीआड उभी राहिले. प्रविण मोटरसायकलवरून आला. विहिरीवर एक म्हातारी बाई होती. त्याने पहिली बाटली तिच्याकडे दिली.

म्हणजे तो स्वतः भरतसुद्धा नव्हता.

"तू कोन गो?" म्हातारीने मलाच पाहिलं. "लपून काय बघतेस? पानीच हाय."

प्रविण वळला. "मॅडम? या गोदूबाई. विहीर यांची."

मी उडवीआडून पुढे आले. गोदूबाईने घागर विहिरीत सोडली, इतकी हळू की आवाज झाला नाही. घागर कलली, वरचं पाणी आत आलं, तिने ओढून घेतली आणि त्यातून बाटली भरली. मग प्रविणने दुसऱ्या बाटलीला दगड बांधून ती सरळ तळाशी सोडली.

"बघ, गाळात घातली," गोदूबाई म्हणाली. "खाली खारट हाय रे. याला पानी भरायला कोनी शिकवलंच नाय. बायको आली का शिकवील."

"कागदावर बाटली बुडवून भरा असंच लिहिलंय ना, मॅडम?" प्रविण म्हणाला. "पण पहिलं पाणी घरच्या बाईने द्यायचं, मग परक्याने दोरी सोडायची. इथे सगळीकडे तसंच हाय. मी नाय कसं म्हणू?"

सूचनांचा तो कागद मी लिहिला होता. किती खोल, ते लिहिलं नव्हतं.

पिशवीतलं क्षारतेचं मीटर काढलं. घागरीतलं पाणी आठशे वीस. तळाचं चार हजार सहाशे.

प्रविणने मला पेणच्या स्टँडवर सोडलं. बस लागायची होती. लॅपटॉप उघडून प्र हे अक्षर पॅटर्नमधून काढलं आणि विहिरी एकेक पाहिल्या. त्याच्या चौदांपैकी पाच गडबच्या शेतातल्या, खाडीपासून लांब. त्या पाचही ठिकाणी उत्तर एक येत होतं, म्हणजे वरचं आणि तळाचं पाणी सारखंच. मृणालीच्या सगळ्या विहिरी तशाच लांबच्या. हे आकडे पहिल्या दिवसापासून समोर होते. मी त्यांची सरासरी काढली होती.

प्रविणला दिसू नये म्हणून स्क्रीन वळवून मी पत्र पुसलं. नवं सुरू केलं: अकरा आठवड्यांच्या नमुन्यांत खोलीची नोंद नाही, चूक माझ्या सूचनांची.

प्रविण अजून तिथेच होता, मोटरसायकलला टेकून.

"मॅडम, आज तुम्ही कशाला आलेलात?"

"मीटर तपासायला."

"रोह्यावरून? सुट्टीच्या दिवशी?" त्याने वळवलेल्या स्क्रीनकडे पाहिलं. "मग मीटर बरोबर हाय ना?"

"मीटर बरोबर आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग गाडीला अडकवलेल्या पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. "या तुम्हीच घेऊन जा."