नऊच्या वर

“मामा, आज लग्नबिग्न आहे की काय कुणाचं?” सातव्या मजल्यावरच्या वकिलाने लिफ्टचं जाळीचं दार ओढता ओढता विचारलं. “खाकी कोटाच्या आत इस्त्रीचा निळा शर्ट! भानगड काय आहे?”

“भानगड कसली, साहेब. तीन वाजता पेपर आहे माझा.”

“पेपर? या वयात? कसला?”

“नवव्या मजल्यावर एक जागा रिकामी झालीय. बाजाराचं गणित मांडायची.”

वकिलाने पोट हलवून हसून घेतलं. “अहो, तुम्हीच वर गेलात तर आम्हाला वर कोण नेणार?”

मामाही हसला. त्याने दांडा ओढला आणि लिफ्ट कुरकुरत चढू लागली. तेवीस वर्षं तो या पिंजऱ्यात स्टुलावर बसत होता. इमारतीतले सगळे त्याला लिफ्टमामा म्हणत. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गणितात पहिला आलेला मुलगा वडील अंथरुणाला खिळल्यावर चार महिन्यांपुरता म्हणून इथे चिकटला होता, हे आता त्याला स्वतःलाही ऐकीव गोष्टीसारखं वाटे.

बारा वर्षांपूर्वी नवव्या मजल्यावरच्या कंपनीने कपाटं साफ केली. रद्दीत एक जाडजूड पुस्तक निघालं. भाव कसे वरखाली होतात आणि उद्याच्या भावावर आज करार करायचा तर त्याची योग्य किंमत किती, याचं गणित त्यात होतं. सुरुवातीचं एक पान समजायला मामाला दीड महिना लागला. शिकवायला कुणी नव्हतं. चूक झाली तर ती दाखवायलाही कुणी नव्हतं. पुस्तकात एक ठिपका होता. तो नाणं उडवल्यासारखा कधी एक पायरी वर जायचा, कधी एक पायरी खाली. मामाने ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. अरे, ही तर आपली लिफ्ट!

इमारतीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फेरी वहीत लिहावी लागे. कोणत्या मजल्यावरून कोणत्या मजल्यावर. मामाने त्याच वह्यांवर सराव केला. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, एकदा पाठकोऱ्या कागदावर, एकदा मनातल्या मनात. लिफ्ट आता पाचवर आहे, वीस हाकांनंतर कुठे असेल? बारा वर्षांत त्याने असे हजारो दाखले सोडवले. बरोबर आले की नाही, हे वहीच सांगायची.

त्याची ही विद्या बाहेर पडली ती गेल्या महिन्यात. नवव्या मजल्यावरच्या मुख्य बाई कागद डोळ्यांपुढे धरून लिफ्टमध्ये शिरल्या आणि स्वतःशी पुटपुटत राहिल्या. चौथा मजला गेल्यावर मामाला राहवलं नाही.

“बाई, रागावू नका. तिसऱ्या ओळीत चिन्ह उलटं पडलंय.”

बाईंनी कागद पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. “लिफ्ट थांबवा,” त्या म्हणाल्या. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अधांतरी ती दोघं पाऊण तास बोलत बसली. खालून लोक दार बडवत होते. शेवटी बाई म्हणाल्या, “पेपर द्या. प्रमाणपत्राचं मी बघते. चारही प्रश्न सुटले पाहिजेत मात्र. माझ्या एकटीच्या हातात नाही, वर समिती आहे.”

त्याच आठवड्यात नोटीस लागली. पुढल्या महिन्यात जुनी लिफ्ट काढून बटणांची बसवणार. म्हणजे मामाला एकीकडून दार बंद होत होतं आणि दुसरीकडचं जेमतेम एक फट उघडलं होतं.

सकाळी बायकोने निळ्या शर्टाची कॉलर दोनदा इस्त्री केली.

“अहो, घाबरू नका. तिथे कुणी खाणार नाही तुम्हाला.”

“घाबरतोय कोण?”

“मग डब्याऐवजी इस्त्री का भरताय पिशवीत?”

त्याने जीभ चावली आणि इस्त्री बाहेर काढली. दारापर्यंत येऊन ती हळूच म्हणाली, “ती खाकी एकदाची उतरवून या. धुऊन धुऊन माझे हात झिजले.”

पावणेतीनला मामाने लिफ्ट पहारेकऱ्याच्या ताब्यात दिली. त्याला सगळे पैलवान म्हणत. दांडा त्याच्या हातात काडीसारखा दिसत होता.

“हळू ओढ रे बाबा. म्हैस नाही ती.”

“जा तुम्ही बिनघोर, मामा. आज आपली लिफ्ट, उद्या तुमचं ऑफिस.”

खाकी कोट खुंटीला लावून मामा नवव्या मजल्यावरच्या एका खोलीत पेपरला बसला. टेबल, खुर्ची, कोरे कागद. खुर्चीला पाठ होती. त्याला सवय नसल्याने तो पुढेच सरकून बसला. पहिले तीन प्रश्न त्याने हातोहात सोडवले. मध्येच भिंतीपलीकडे लिफ्ट धाडकन आपटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी पैलवानाचा उद्धार केला. मामाची पेन्सिल थबकली नाही.

चौथा प्रश्न मोठा होता. एका मालाचा भाव आज पाच. तो रोज एकने वाढतो किंवा एकने उतरतो, दोन्हींची शक्यता सारखी. शून्यावर आला तर दुसऱ्या दिवशी एकवर येतो. विसाव्या दिवशी भाव सातच्या वर जितका असेल तितके पैसे मिळण्याचा करार आहे. या कराराची आजची किंमत काय?

मामाला हसू फुटलं. पाचव्या मजल्यावरून वीस हाका. हे तर त्याचं पाठ होतं. त्याने तक्ता आखला, एक-एक दिवस पुढे सरकत गेला, बेरजा उलटसुलट तपासल्या, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. वेळ संपायला पंधरा मिनिटं होती. तो खुर्चीला पाठ टेकवून बसला.

पाच वाजता बाईंनी बोलावलं. पेपर त्यांच्यासमोर होता.

“पहिले तीन अगदी चोख,” त्या म्हणाल्या. “चौथ्यातही बेरजेची एक चूक नाही.”

“मग?”

“मामा, विसाव्या दिवशी तुमच्या तक्त्यात एक, तीन, पाच, सात आणि नऊ आहेत. अकरा कुठे आहे? तेरा कुठे आहे?”

मामाने तक्त्यावरून बोट वर नेलं. ते नऊवर थांबलं.

“खालची भिंत मी दिली होती. शून्याखाली भाव जात नाही. पण वर काहीच नव्हतं. तुमच्याकडे भाव नऊला पोचला की दुसऱ्या दिवशी आठ. प्रत्येक वेळी आठ. हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“नऊच्या वर...” मामाने सुरुवात केली आणि तो थांबला. नऊच्या वर लिफ्ट जात नाही, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. बारा वर्षं हजारो दाखले सोडवले, पण नवव्या मजल्याच्या वर एकदाही ठिपका ठेवला नव्हता. प्रश्न तीनदा वाचला होता त्याने. न लिहिलेलं छप्पर त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं, आणि घालताना त्याला कळलंही नव्हतं.

“कुणी नाही, बाई,” तो म्हणाला. “माझंच आहे ते.”

बाईंनी पेपरची घडी केली, परत उलगडली. “दुसऱ्या एका उमेदवाराचे चारही बरोबर आहेत. माझा नाइलाज आहे. पण तुमची सोय मी केलीय. नव्या लिफ्टमध्ये तुमचं स्टूल राहील. बटणं लोकच दाबतील, तुम्ही नुसतं बसायचं. अभ्यासाला वेळच वेळ मिळेल.”

त्या मनापासून बोलत होत्या. नको म्हणावं तर घर त्याच पगारावर चालत होतं.

“उपकार झाले,” तो म्हणाला आणि खुंटीवरचा कोट घेतला.

घरी त्याच्या अंगावर कोट बघूनच बायको समजली. तिने चहाचं आधण ठेवलं.

“किती चुकले?”

“एकच.”

“बारा वर्षांत एक? मग पुढच्या खेपेला...”

“पुढची खेप नाहीये.”

तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. मग मामा उठला, कागद घेतला आणि तोच दाखला वरची भिंत काढून मांडायला बसला. कागद पुरेना. त्याने वरच्या बाजूला दुसरा चिकटवला, मग तिसरा. शेवटी सगळी पट्टी भिंतीला लावली आणि बायकोला पट्टीची कड धरायला सांगितलं. अकरा, तेरा, पंधरा. तो वर सरकत गेला. एकवीसला त्याच्या टाचा उचलल्या. पंचवीस लिहायला तो खाटेवर चढला.

“इथवर जातो का हो कधी भाव?” हात दुखत असतानाही तिने विचारलं.

“जातो. वीसच्या वीस दिवस चढला तर.”

“किती वेळा होतं असं?”

“दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तरात एकदा.”

“अगं बाई! मग त्याच्यासाठी एवढा कागद कशाला वाया घालवायचा?”

“त्याचं घर आहे ते,” मामा म्हणाला. “मोकळं ठेवलं तर बेरीज जुळत नाही.”

दुसऱ्या हाताने तिने त्याचा गुडघा घट्ट धरला, कारण खाट डुगडुगत होती. मामाने अगदी वरच्या चौकटीत तो आकडा बारीक अक्षरात लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि खाली उतरला. सकाळी सातची पाळी होती.