एकशे अठरा फोन

कॅप्टनने हात लांब करून व्यवस्थापकाचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि न विचारताच फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं.

"पगारात तीस टक्के कपात, एक तारखेपासून, दोन वर्षं. मान्य?" लॅपटॉपमधून व्यवस्थापकाचा आवाज आला.

"आता बघा, आता बघा," कॅप्टन त्यावरच बोलू लागला. पाठोपाठ आला तो शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सहवैमानिक मुलीचा आवाज.

"तीस टक्के कपात, एक तारखेपासून, दोन वर्षं. मान्य."

"ऐकलंत? शब्दन्‌शब्द तुमचा! अहो, आमचं कामच असं चालतं. टॉवरने सांगितलं, नऊ हजार फुटांवर जा, की आम्ही म्हणायचं, नऊ हजार फूट. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं, दिवसातून शंभर वेळा. ही सवय आहे, संमती नव्हे."

व्यवस्थापक शांतपणे पेनाचं टोपण लावत होता. वैमानिक आपसात त्याला 'कात्री' म्हणत. आधी त्याने विश्रांतीच्या खोलीतले टॉवेल कापले, मग जेवण, आणि आता पगार. युनियनचा सचिव म्हणून कॅप्टनने त्याच्याशी भांडून भांडून घसा कोरडा केला होता. पण त्याचा खरा संताप होता तो आपल्याच माणसांवर. दहा दिवसांपूर्वी त्याने घरून एकेकाला फोन करून विचारलं होतं, 'कपात नामंजूर, वेळ पडली तर काम बंद. कबूल?' एकशे चाळीसपैकी एकशे अठरा जण कबूल म्हणाले होते. त्यानंतर कात्रीने फोन फिरवले आणि त्याच्याकडे एकाहत्तर संमती जमल्या. निम्म्याहून एक जास्त. म्हणजे निदान एकोणपन्नास जणांनी दोघांनाही होकार दिला होता! लाज नाही, शरम नाही. विमान ढगातून सरळ काढतील, पण शब्दाला जागायची वेळ आली की पाय लटपटतात.

एकाहत्तरावी संमती या मुलीची होती. ती रद्द झाली तर कपात सगळ्यांवर लादता येणार नव्हती, म्हणून आज तो तिला जवळजवळ ओढतच इथे घेऊन आला होता.

"तुम्ही बोलत होतात, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही," व्यवस्थापक म्हणाला. "पुन्हा लावतो. दोघंही गप्प बसू."

कॅप्टनने मोठा उसासा टाकला आणि हाताची घडी घातली.

"...दोन वर्षं. मान्य?"

यानंतर काहीच ऐकू आलं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच सेकंद. मग एक दीर्घ श्वास. मग तिचे शब्द, एकेक सुटा.

कॅप्टनने हाताची घडी सोडली. त्याची हयात वायरलेसवर गेली होती. तिथे उत्तराला पाच सेकंद कोणी लावत नाही. लावले तर टॉवर घाबरून पुन्हा हाक मारतो. सवयीने म्हटलेलं तोंडातून आपोआप निघतं. हे आपोआप निघालेलं नव्हतं. त्याने मुलीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला निघालेला पत्रा नखाने दाबून बसवत होती.

"तुम्ही परीक्षक आहात. या मॅडमना तुम्हीच तयार केलंत," व्यवस्थापक म्हणाला. "लिहून द्या, की ही सवय होती. मी नाव काढतो. कोर्टकचेरी मलाही नकोच आहे."

कॅप्टनने कागद पुढे ओढला. तीस वर्षांत त्याने खोटा शेरा कुणाला दिला नव्हता. मित्राच्या मुलालाही त्याने दोनदा नापास केलं होतं आणि मित्र गमावला होता. त्याने 'सवयीने उच्चारलेले' असं लिहिलं, सही ठोकली आणि खुर्ची मागे सारून उठला.

जिन्यात येईपर्यंत त्याने दम धरला.

"अगं, काय केलंस हे? तुझ्यापायी आज मी खोटं लिहिलं!"

"मी सांगितलं नव्हतं लिहायला."

"तुला कळतंय का, तू मान्य म्हणाली होतीस. विचार करून!"

"हो, विचार करूनच," ती म्हणाली. "माझं लेकरू सहा महिन्यांचं आहे, सर. काम बंद पडलं तर मला झेपणार नाही. तीस टक्के कमी झाले तर कसंबसं झेपेल. तुम्ही तीन दिवस मला युनियनबद्दल सांगताय. मला काय वाटतं, हे एकदा तरी विचारायचं होतंत."

"मग मला कबूल कशाला म्हणालीस? दहा दिवसांपूर्वी?"

ती पायरीवरच थांबली.

"सकाळी सात वाजता फोन केलात. मी झोपेत होते. तुमचा आवाज ऐकला आणि तुम्ही जे म्हणालात ते परत म्हटलं. तुम्हीच शिकवलंय तसं. फोन ठेवल्यावर कळलं, काय म्हटलं ते." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "बाकीच्यांनाही तुम्हीच शिकवलंय ना?"

आणि ती खाली उतरून गेली.

खालच्या सभागृहात माणसं जमलेली होती. कपात टळल्याची बातमी कुणीतरी फोडली असावी, कारण टाळ्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. कॅप्टन कठड्याला धरून उभा राहिला. दहा दिवसांपूर्वी सगळे फोन संपवून तो स्वयंपाकघरात गेला होता, तेव्हा बायको अजून नाश्त्याचंच करत होती. एवढ्या माणसांशी बोलून झालंसुद्धा, असं तिने नवलाने विचारलं होतं. तो फुशारकीने म्हणाला होता, "आमची माणसं आहेत ती. एकानेही उत्तर द्यायला क्षणभर लावला नाही."