फोर्कलिफ्टला घोंगडं

आग ही माणसाची दासी आहे आणि आमच्याकडं ती दासीसारखीच वागेल, असं इंद्रजितरावांनी शहाण्णव सालच्या अक्षय्यतृतीयेला बारामती एमआयडीसीत आपल्या फाउंड्रीचं उद्घाटन करताना जाहीर केलं. पंधराव्या दिवशी दासीनं त्यांच्या नव्या फोर्कलिफ्टचा पुढचा टायर खाल्ला.

फोर्कलिफ्ट चालवायचा लोणी देवकरचा रामहरी. भट्टीतलं वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे आतून माती लिंपलेल्या मोठ्या बादलीत घ्यायचं आणि बादली पुढं धरून साच्यांपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. बादली त्याच्या गुडघ्यांपासून चार हातांवर. ठिणग्या उडायच्या त्या तेलाच्या रबरी पाइपांवर आणि रामहरीच्या नडग्यांवर. पाइप फुटून तेल पेटलं, तर वर बसलेल्या माणसानं उतरायचं कुठं?

"तात्या, पुढं पत्रा मारून द्या," तो इंद्रजितरावांना म्हणाला.

"बघू."

"निदान पाइपांवर तरी कायतरी घाला."

"आरं, आमी उसाच्या पेटल्या पाचटातनं ट्रॅक्टर काढलाय. तुझं काय घेऊन बसलास!"

चार महिने हे 'बघू' ऐकून रामहरीनं वडिलांचं घोंगडं आणलं. घरात मेंढरं उरली नव्हती, घोंगडी उरली होती. लोकर भडकत नाही, नुसती करपते, हे त्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोंगडं पाइपांवर बांधलं आणि खरंच पाइप टिकले. इंद्रजितराव पाहुण्यांना सांगू लागले, "आमचं संशोधन हाय."

मग खंडेनवमी आली. पूजेआधी सगळी यंत्रं धुवायची, हा रिवाज. इंद्रजितरावांनी फोर्कलिफ्टबरोबर घोंगडंही धुवून घेतलं. मेंढराचा वास येतो, देवीपुढं बरं दिसत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी तापली, घोंगडं मात्र अजून ठिबकत होतं.

"मी न्हाय बसत," रामहरी म्हणाला.

"ओलं हाय तर चांगलंच की! गार ऱ्हाईल."

भट्टीवरचा जोतीराम तिथूनच ओरडला, "तात्या, तापल्या लोखंडाखाली पाणी घावलं तर बादलीसकट उडंल सगळं! माणूस गोळा करावा लागंल."

"मग काढ ते, अन् तसाच जा."

"तसाच? पाइप उघडं टाकून?"

"रामहरी, नोकरी पायजे का न्हाय?"

"पायजे की. पण पाय बी पायजेत."

लोखंड तयार, साचे मांडलेले आणि सगळे कामगार हाताची घडी घालून उभे. इंद्रजितरावांनी घोंगडं ओढून फेकलं. "सरका! मीच नेतो."

ते चढले. जोतीरामनं बादली भरली. फोर्कलिफ्ट सहा फूट गेली, थांबली. बादली अलगद खाली टेकली आणि ठिणग्या पडलेली सफारीची विजार दोन्ही हातांनी झटकत इंद्रजितराव ऑफिसात गेले. कुणी हसलं नाही. जोतीरामला फक्त खोकला आला.

तासाभरात वेल्डर आला. इंद्रजितरावांनी स्वतः उभं राहून रामहरीच्या सीटपुढं डोक्यापासून पायापर्यंत जाड पत्रा बसवून घेतला, पाइपांवर लोखंडी झाकणं मारली, नारळ फोडला. "कामगाराच्या जिवापुढं आमी कशाचा विचार करत न्हाय," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

रामहरी वर चढला. त्यानं किल्ली फिरवली. गाडी जागची हलली नाही. पत्र्याआडून आवाज आला,

"तात्या, डोळ्यापुढं तेवढं एक भोक पाडून द्या. कायबी दिसत न्हाय."