हातभर

"टोक धर," म्हणत दादाने टेपचं टोक बहिणीच्या हातात कोंबलं आणि फीत खेचत तो कुंपणापर्यंत गेला. इमारतीच्या पायाचा खड्डा हातभर शेजाऱ्याच्या जागेत घुसला होता. ठेकेदार नुसता हसत होता.

"एवढी शिकलीस, आणि चार खुणा धड मारता येईनात?" दादा मजुरांदेखत म्हणाला. "उद्यापासून ऑफिसात बस. यंत्र दुसऱ्याच्या हाती देतो."

तिने उपग्रहांवरून जागा दाखवणाऱ्या यंत्राची काठी उचलली आणि रस्त्याकडेच्या सर्वेक्षणाच्या जुन्या दगडावर टेकवली. यंत्राने अचूकतेची पूर्ण खात्री दिली आणि दगडही तितकाच भलतीकडे दाखवला. दगड काही चालत गेला नव्हता.

ती तडक ऑफिसच्या गच्चीवर गेली. दादा धापा टाकत मागे. यंत्राला संदेश पाठवणाऱ्या अँटेनाच्या खांबाशेजारी पाण्याची नवी टाकी होती आणि फरशीत पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली चार छिद्रं.

"खांब कोणी हलवला?"

"मीच. टाकी बसेना. हातभर तर सरकवला. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांना काय पत्ता?"

"आणि छिद्रं बुजवलीस."

"छत गळलं असतं ना."

तिने खांबावर हात आपटला. "अँटेना स्वतःची जागा पक्की धरून उपग्रहांची चूक मोजते. तीच दुरुस्ती क्षणाक्षणाला सगळ्यांच्या यंत्रांना जाते. ती अजून जुनीच जागा धरून बसलीय. आपल्यावर विसंबलेल्या प्रत्येकाची खूण चुकली, दादा."

"हळू बोल. जागेचे नवे आकडे टाक गुपचूप."

"आणि तो खड्डा?"

"राहू दे तुझ्या नावावर. तू काय, घरचीच आहेस. ठेकेदार विसरेल चार दिवसांत."

ती वाकली आणि तिने अँटेनाची वायर उपटली.

थोड्याच वेळात दादाचा फोन वाजला. रस्त्याच्या कामावरचा सर्वेक्षक होता. तो थांबतो न थांबतो तोच दुसऱ्याचा आला.

"जोड ती वायर. लोकांची कामं अडलीत."

"अडू देत. दुरुस्ती का थांबली, विचारतायत. सांग."

फोन वाजतच राहिला. दादाने खिशातून रुमाल काढला, तसाच परत ठेवला, आणि फोन कानाला लावला.

"हां... नाही, यंत्र ठीक आहे." सकाळचा आवाज कुठेच नव्हता. "खांब मी हलवला होता... किती?" त्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने त्याच्या पट्ट्याला अडकवलेला टेप काढला, खांबाच्या बुडाशी बसली आणि फितीचं टोक त्याच्यापुढे धरलं.

"टोक धर," ती म्हणाली.